खुलासा : कानात तेल घालून कवटीचं हाड मऊ होत नाही

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘कवटीचं हाड वाढून बहिरेपण आलं असेल तर कानात कोमट खोबरेल घाला, हाड मऊ होऊन पुन्हा ऐकू येतं.’ हे खरं नाही. कान तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहिते आहे.

तेल पडद्यापाशी थांबतं. बिघाड असतो पलीकडे. तिथल्या तीन हाडांपैकी शेवटचं रिकिबीसारखं, उंचीला जेमतेम ३ मिलिमीटर. ओटोस्क्लेरोसिस नावाच्या आजारात त्याच्या बुडाशी नवं हाड धरतं, रिकीब हलेनाशी होते आणि आवाज आतल्या कानात नीट पोचत नाही. हा आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो, बायकांत जास्त, आणि घराण्यात चालत येऊ शकतो. हाडांचा पॅजेटचा आजार वेगळा : उतारवयातला, आपल्याकडे क्वचित. त्यात कवटी जाड होते, आतल्या कानाभोवतीचं हाडही बिघडतं. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण गेलेलं ऐकणं सहसा परतत नाही.

दोष नेमका कुठे आहे ते ट्यूनिंग फोर्क (वाजवून कानाजवळ धरायचा धातूचा चिमटा) आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) यांनी कळतं. अडकलेल्या रिकिबीच्या जागी कृत्रिम तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया १९५६ पासून होते. ती नको असेल तर श्रवणयंत्र.

पडद्याला भोक असेल तर मात्र तेल थेट आत उतरतं. त्यात आपली पावसाळी दमट हवा, कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.