ओढणारा ग्रुप म्हणजे मेटाच? क्लोरोबेंझीनला विचारा

सीईटी-नीटचे दिवस आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता फिरू लागतो. बेंझीनच्या सहा कार्बनांच्या रिंगवर आधीच एक ग्रुप असेल, तर नवा कुठे बसेल हे सांगणाऱ्या त्यात तीन ओळी असतात. (जुन्या ग्रुपच्या शेजारची जागा ऑर्थो, एक सोडून पुढची मेटा, समोरची पॅरा.) रिंगला इलेक्ट्रॉन देणारा ग्रुप ऑर्थो-पॅरा, ओढणारा मेटा. नायट्रो ग्रुप (NO₂) मेटा जागा सक्रिय करतो. अ‍ॅनिलिनच्या नायट्रोजनवर एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) आहे, म्हणून नायट्रेशन, म्हणजे रिंगवर नायट्रो ग्रुप बसवणं, ऑर्थो-पॅरालाच. पाठ करायला सोप्या, पण तिन्ही लंगड्या.

पहिली ओळ क्लोरोबेंझीनपाशीच आपटते. क्लोरीन रिंगशी असलेल्या एकेरी (सिग्मा) बंधातून इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे क्लोरोबेंझीनचं नायट्रेशन बेंझीनच्या सुमारे तिसाव्या हिश्शाच्या वेगाने चालतं. मग तक्त्याप्रमाणे मेटा यायला हवं ना? हाती येतं ते सुमारे ७० टक्के पॅरा, ३० टक्के ऑर्थो. मेटा जेमतेम एखादा टक्का. अभिक्रिया किती वेगाने होणार हा एक प्रश्न, कुठे होणार हा दुसरा. तक्त्याने दोन्हींची खिचडी केली आहे. वही घ्या आणि धनभार कुठे कुठे जातो त्या रचना काढा. नायट्रेशन करणारा नायट्रोनियम आयन (NO₂⁺) पॅराला चिकटला की धनभार रिंगच्या तीन कार्बनांवर वाटला जातो, आणि त्यांतला एक नेमका क्लोरीनवाला. तिथे क्लोरीन आपली एकाकी जोडी पुढे करतो आणि चौथी रचना मिळते. ऑर्थोचंही तसंच. मेटाला चिकटला तर धनभार त्या कार्बनवर येतच नाही. जोडी असून नसल्यासारखी. (मिथाइलकडे तर जोडीही नाही, तरी टोल्युइन ऑर्थो-पॅराच देतं. तक्ता बनवणाऱ्याने निदान एवढं तरी पाहायचं!)

दुसरी ओळ सरळ चूक. नायट्रो ग्रुप रिंगवरची एकही जागा सक्रिय करत नाही. सगळ्याच जागा मंदावतो. ऑर्थो-पॅरा फार, मेटा त्यातल्या त्यात कमी. म्हणून नायट्रोबेंझीनच्या नायट्रेशनमध्ये ९३ टक्के मेटा मिळतं, पण बेंझीनपेक्षा लाखो पटींनी सावकाश. ही रिंग इतकी थंड, की फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेत (रिंगला कार्बनचा ग्रुप जोडणाऱ्या) नायट्रोबेंझीन चक्क द्रावक म्हणून वापरतात.

तिसऱ्या ओळीचं उत्तर बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकात छापलेलंच आहे: अमिनो ग्रुपवाल्या या बेंझीनच्या नायट्रेशनमध्ये पॅरा ५१ टक्के, मेटा ४७, ऑर्थो २. नायट्रेशनच्या तीव्र आम्लात अ‍ॅनिलिन प्रोटॉन घेऊन अ‍ॅनिलिनियम आयन बनतं, जोडी त्या प्रोटॉनला बांधली जाते आणि हा आयन नव्या ग्रुपला मेटाकडे पाठवतो. पॅरा हवं असेल तर आधी अ‍ॅसेटिक अनहायड्राइडने अ‍ॅसिटानिलाइड (अमिनो ग्रुप झाकलेलं रूप) करून घेतात, मग नायट्रेशन, आणि शेवटी जलअपघटन करून अमिनो ग्रुप मोकळा.