टॉर्च बंदच होईना

गणपतीत आमचं कुडाळजवळचं घर म्हणजे रेल्वेचा जनरल डबा. माजघरात मुंबईहून आलेले सगळे चाकरमानी ओळीनं आडवे, कोणाचे पाय कोणाच्या उशीवर ते सकाळीच कळतं, आणि मला रात्री दोन वाजता मागच्या न्हाणीकडे जायचं होतं. लाईट गेलेली. बाहेर फुरशाची भीती, म्हणून टॉर्च पाहिजेच, पण माझा टॉर्च असा की खळ्यात उभं राहून माडावरचे नारळ मोजून घ्यावेत. मोड एकच, फुल्ल. बटण दाबलं आणि आख्खं माजघर उठून बसलं. आतेला वाटलं वीज पडली. तात्या ओरडले, "मेल्या, माझो मोतीबिंदू आताच काढलो हा!"

आजी मात्र रोज रात्री जाऊन येते, कोणाला पत्ता लागत नाही. टॉर्चच्या काचेवर बोटं दाबून धरते, फटीतून तांबूस उजेड पडतो, तेवढ्यात पावलं दिसतात. मला म्हणाली, "असो धर." पण मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, बोटांवर कसं भागवणार?

आत ड्रायव्हर, म्हणजे करंट आवरणारं सर्किट वगैरे काही नव्हतं, १८६५० चा रिचार्जेबल सेल थेट एलईडीला. म्हटलं मागच्या बटणाच्या दोन टोकांना आडवा एक रेझिस्टर, म्हणजे करंट रोखणारा बारका तुकडा, टाकू. बटण चालू तर फुल्ल, बटण बंद तर करंट रेझिस्टरमधून, मंद उजेड. हिशोबही केला, सेल ४.२ व्होल्ट, एलईडी साधारण २.७ खाणार, उरले दीड, १०० ओहम टाकला की १५ मिलीअँपिअर. बाजारातून १० आणि १०० दोन्ही आणले. कुठला किती ओहमचा ते अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं, १०० म्हणजे तपकिरी-काळा-तपकिरी, १० म्हणजे तपकिरी-काळा-काळा, आणि मी हे मेणबत्तीच्या उजेडात बघत होतो, जिथे तपकिरी आणि काळा एकच. अर्थात १० चाच लागला, करंट कितीतरी जास्त, उजेडही. तात्या परत उठले.

दुसऱ्या दिवशी उजेडात बरोबर लावला. झक्कास, एकदम चांदण्यासारखा. मग झोपताना टॉर्च बंद करायला गेलो.

बंद म्हणजेच मंद! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बटण कितीही दाबा, फुल्ल नाहीतर मंद, तिसरं काही नाहीच. बंद करायचा तर मागचं झाकण फिरवून सेल मोकळा करायचा, आणि त्या झाकणाचे आटे असे करकरतात की त्यानंही तात्या उठतात. शेवटी वैतागून तसाच खुंटीला टांगला.

तो जळतच राहिला. दिवसरात्र. पोरं त्या उजेडात पाणी प्यायला उठायला लागली, आते रात्री वाती वळत बसायची, माझं नाव कोणीच घेत नव्हतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी गणपती पोचवून आलो आणि त्याच रात्री सेलही संपला. काळोखात कोणाचा तरी पाय तांब्यावर पडला, आणि आजीचा आवाज आला, "लायट कोणी बंद केल्यान रे?"