फोटो काढून ठेवा

शाळा पुन्हा कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. कधी साथ येते, कधी वादळ, कधी नुसताच रेड अलर्ट. तुम्ही शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नुकतेच रुजू झालेले शिक्षक असाल, तर २०२० साली तुम्ही डीएडच्या नाहीतर टीईटीच्या पुस्तकांत डोकं घालून बसला असणार. म्हणजे ऑनलाइन शिक्षणाचा ऐन हंगाम तुमचा हुकला. मी रायगडच्या किनाऱ्याकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत कोरोनाची ती दोन्ही वर्षं काढली. पट एकतीस. तो अनुभव माझ्याबरोबर निवृत्त होऊ नये, म्हणून हे चार शब्द. वहीत उतरवून घ्या. फोनवर भरवसा ठेवू नका, तो तेव्हा फोटोंनी भरलेला असेल.

पहिलं काम म्हणजे शाळा सुरू करा. शाळा नसली तरी सुरू करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या शाळेचे पत्रे घेऊन गेलं. विजेचे खांब आडवे, मोबाइलचा टॉवर वाकलेला, वाडीत वीज यायला महिना लागला. आणि १५ जूनला शैक्षणिक वर्ष सुरू झालं, ऑनलाइन. छप्पर नाही, वीज नाही, रेंज नाही, तरी शाळा वेळेवर भरली. हे कुठल्या इंग्रजी माध्यमाला जमणार नाही.

त्या वेळी राज्याची अभ्यासमाला दीक्षा अ‍ॅपवर येऊ लागली होती. तिचं नाव, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. यातल्या ‘आहे’कडे नीट बघा. शिक्षण ‘चालू’ आहे असं म्हटलं नाही, ‘मिळतंय’ असंही नाही. नुसतं ‘आहे’. देव आहे म्हणतात ना, त्या चालीवर. दिसत नसलं म्हणून नाही असं कसं म्हणणार? नाव सुचवणारा माणूस मराठीचा जाणकार असला पाहिजे.

आता माहिती कशी भरायची ते शिका, कारण शिकवण्याचा भाग पुढे आपोआप सुटतो. सकाळी अकरा चाळीसला ग्रुपवर निरोप येईल: ‘सर्व मु.अ., अत्यंत तातडीचे, खालील लिंक आज १२ पर्यंत भरणे, न भरल्यास जबाबदारी आपली राहील.’ मी नवखा असल्यासारखा पहिल्या लिंकमध्ये खरा आकडा भरला. ऑनलाइन शिक्षण घेणारे विद्यार्थी, अकरा. पाच मिनिटांत साहेबांचा फोन.

“गुरुजी, बाकीचे वीस?”

“फोन नाहीत साहेब त्यांच्या घरी.”

“मग ऑफलाइनच्या रकान्यात टाका.”

“ऑफलाइन बंद आहे ना साहेब, शासनानेच...”

थोडा वेळ पलीकडे पंख्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “संपर्कात आहेत ना?”

“संपर्कात आहेत. एकाच विहिरीवर पाणी भरतो आम्ही.”

“झालं तर. संपर्कात असलेले, एकतीस.”

साहेब सज्जन माणूस, त्यांना वरून विचारणारं कुणीतरी होतंच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेट सापडलं होतं. असले आकडे वाचून खचू नका. सर्वेक्षण करणाऱ्याला घरात काय आहे ते मोजायचं असतं, आपल्याला रकाना भरायचा असतो. कामं वेगळी आहेत.

कोकणात असाल तर फोनचं अर्थशास्त्रही कळायला हवं. टाळेबंदीत मुंबईचे चाकरमानी गावी आले आणि वाडीतल्या फोनांची संख्या एकाएकी वाढली. जुलैत माझा वर्ग असा काही भरला की मला वाटलं, क्रांती म्हणतात ती हीच. २२ ऑगस्टला गणपती बसले. मग गणपती गेले, त्यांच्या मागोमाग चाकरमानी गेले आणि त्यांच्या खिशातून निम्मा वर्ग गेला. पुढच्या वर्षी लवकर या, हे मी तेव्हा मनापासून म्हणालो.

रेंजची चिंता करू नका, ती सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर असते. वाडीपासून अर्ध्या तासाची चढण. पावसाळ्यात तिथे चार मुलं एका छत्रीखाली, मध्ये एक फोन, असं दृश्य दिसलं की धावत जाऊ नका, छत्री धरायला तर मुळीच जाऊ नका. आधी फोटो काढा. छत्री मोडकी असेल तर उत्तम. असा फोटो ग्रुपवर टाकलात की पहिल्या तासाभरात साठ अंगठे येतात, नशिबात असेल तर पेपरात येतो आणि खाली छापतात, ‘शिक्षणाची जिद्द’. टॉवर कधी उभा राहणार, हे त्या फोटोखाली छापायला जागा उरत नाही. आमच्या चौघांपैकी एक पोरगा सड्यावरून उतरताना घसरला, गुडघा फुटला. त्याचा फोटो मी काढला नाही. नवखा होतो.

प्रत्यक्ष तासाविषयी थोडं सांगतो, थोडंच सांगण्यासारखं आहे. फुकटातली झूमची मीटिंग चाळीस मिनिटांत बंद पडते, ही त्या कंपनीची आपल्यावर कृपा समजा. त्यातली पंधरा मिनिटं ‘आवाज येतोय का’ यात जातात आणि दहा मिनिटं ‘आवाज बंद करा’ यात. पडद्यावर मुलांचे चेहरे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या पडद्यावर एका चौकोनात छताचा वासा असायचा, एकात चूल, आणि एकात फक्त कान. त्या मुलाच्या आईला वाटायचं फोन आलाय, म्हणून ती तो कानाला लावून बसायची. मी तिच्या कानाला तीन आठवडे अपूर्णांक दाखवले.

एकदा वजाबाकी घेत होतो, हातच्याची. एक चौकोन उघडा होता आणि त्यात आजी होती.

“आजी, नातू कुठाय?”

“गुरं घेऊन गेलाय गुरुजी. तुमी सांगा काय सांगायचं ते, मी सांगते त्याला आला की.”

आता आजीला नाही कसं म्हणणार? बावन्नातून सत्तावीस घेतले. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर आजी म्हणाली, “मग शेजारणीकडून दहा आणायचे. परत द्यायचे का?” उभ्या नोकरीत हा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नव्हता. मी तिला दशकाचं घर समजावून सांगितलं, तिने चुलीपुढच्या राखेत आकडे काढले आणि उत्तर बरोबर आणलं. पंचवीस. पोराला वजाबाकी आली की नाही ते मला ठाऊक नाही. त्याची हजेरी लावली. फोन सुरू होता, घरातलं कुणीतरी शिकत होतं, याहून जास्त हजेरी ती काय असते?

मुलांच्या डोळ्यांची काळजी मात्र घ्या. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या सूचना आल्या: पूर्वप्राथमिकला दिवसाला फार तर ३० मिनिटं, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका. फार चांगल्या सूचना. आमच्या वीस मुलांनी त्या इतक्या काटेकोर पाळल्या की वर्षभरात त्यांच्या डोळ्यांवर एका मिनिटाचाही ताण आला नाही.

टीव्हीचा सल्ला देताना जरा जपून. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. खरंच गोड मालिका होती, उपरोध बाजूला ठेवून सांगतो. माझी पहिली-दुसरीची पोरं ज्या दिवशी वीज असेल त्या दिवशी एकाच घराच्या पडवीत बसून बघायची. कुणी जुना शिक्षक म्हणाला की असं काम करायला पुण्यात १९८४ पासून बालचित्रवाणी होती आणि ती २०१७ मध्ये बंद केली, तर विषय बदला. छत्री पावसाळा संपल्यावर मोडीत काढायची आणि मिरग लागला की शोधायची, ही आपली जुनी रीत आहे.

स्वतःच्या प्रगतीकडेही लक्ष द्या. टाळेबंदीत दहा प्रश्नांची चाचणी सोडवली की ई-प्रमाणपत्र मिळायचं. प्रश्न कोणत्याही विषयावर, गुण कितीही पडले तरी चालायचं. माझ्याकडे शहाऐंशी जमली. ऑक्टोबरपासून निष्ठा प्रशिक्षण दीक्षावर आलं, अठरा मॉड्यूल. त्यातले व्हिडिओ लावून फोन उशाखाली ठेवला तरी पुढे सरकतात, हे ज्ञान मला मॉड्यूलबाहेर मिळालं. नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ आला, दर आठवड्याला प्रश्न. आपला तालुका मागे का, अशी विचारणा झाली तेव्हा माझ्या एकट्याच्या फोनवरून सहा मुलांनी तो सोडवला. त्यांतली तीन मुलं त्या वेळी फोनपासून चार किलोमीटरवर भात झोडत होती. निकाल चांगला लागला. मराठीत एकाला कमी पडले, ते माझे.

आता एक बारीक गोष्ट, जी नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. साथीच्या काळात मुलांच्या घरी जाणं धोक्याचं, म्हणून शिक्षण ऑनलाइन. हे झालं शिकवण्याचं. पण सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा मी तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन वाडीतल्या एकूण एक घरात जात होतो. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळीही पालकांना हातोहात मोजून दिल्या, कारण तांदूळ लिंकमधून जात नाही. म्हणजे विषाणू ताप मोजताना अंगणात गप्प बसायचा, तांदूळ वाटताना बाजूला सरायचा, आणि पाढे म्हणायला घेतले की झडप घालायचा. हे वैज्ञानिक कारण तुम्हाला कुणी विचारलं तर मला विचारू नका.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. ऑक्सिमीटरचा आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी समोरच्या पोराला म्हणायचो, “सातचा पाढा म्हण.” घरात पाच माणसं असली तर पाच बोटं लागायची, तोवर पाढा, एक कविता आणि दोन ओळी शुद्धलेखन व्हायचं. मग मला चटकच लागली. तपासणी संपली तरी मी त्या वाटेने जायचो, पडवीत चार-चार पोरं घेऊन बसायचो, तोंडाला मास्क, मध्ये अंतर. जव्हार-मोखाड्याकडे पाड्यांवर स्पीकर लावून धडे ऐकवत होते, सोलापुरात वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, त्याच जातीचं आमचं हे लहानसं प्रकरण. पोरं वाचायला लागली, निदान जी वाटेवर होती ती.

पण याचा फोटो मी काढला नाही आणि लिंकमध्ये त्याला रकाना नव्हता. ‘ऑनलाइन’ म्हणावं तर फोन नाही, ‘ऑफलाइन’ म्हणावं तर शाळा बंद. त्या महिन्यात आमच्या शाळेचा अहवाल केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शेवटून दुसरा आला. शेवटून पहिली आलेली शाळाही बहुतेक पडवीतच भरत असावी.

डिसेंबर २०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं नाव घरोघरी गेलं. आम्हालाही अभिमान वाटला. दोन दिवसांनी आम्हाला विचारणा आली की आपल्या शाळेने किती क्यूआर कोड तयार केले. मी सात केले आणि शाळेच्या भिंतीला चिकटवले. भिंत बंद शाळेची, फोन वाडीबाहेरचे. पण फोटो सुरेख आला.

निकालाची धास्ती तर अजिबात नको. २०२० च्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीत अडकला आणि रद्द झाला, तरी त्यांना भूगोलात सरासरीने गुण मिळाले. पुढच्या वर्षी एका पेपरापुरता हा भेदभावही उरला नाही. परीक्षाच रद्द झाली आणि १६ जुलै २०२१ ला राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या दिवशी फक्त निकालाची वेबसाइट काही तास नापास होती.

शेवटचा फॉर्म कसा भरायचा तेवढं सांगतो. शाळा उघडल्या की ‘अध्ययन क्षती’ नावाचा शब्द येतो, म्हणजे शिकण्यात झालेलं नुकसान. आधी सेतू अभ्यासक्रम येतो, मग क्षतीची माहिती मागवतात. आमची पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१ ला उघडली आणि त्याच आठवड्यात लिंक आली. अध्ययन क्षती असलेले विद्यार्थी, संख्या लिहा. इथे नवा माणूस भावनेच्या भरात खरं लिहून बसतो. तसं करू नका. आधी आपले जुने अहवाल काढून बघा. दोन वर्षं आपण एकतीस मुलं संपर्कात दाखवली आहेत, हजेऱ्या लावल्या आहेत, सड्यावरचे फोटो दिले आहेत, स्वाध्यायाचे गुण दिले आहेत. मग क्षती कुठून आली? ती लिहिलीत तर खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल. सरकारी भाषेत शून्यासाठी एक सुंदर शब्द आहे, निरंक. मी तोच लिहिला.

लिहीत होतो तेव्हा दुसरीतली एक मुलगी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. शाळेत बसायचा तिचा तो पहिलाच आठवडा होता, अंगणवाडीतून ती थेट दुसरीत पोचली होती. फोनच्या पडद्यावर बोट ठेवून ती तो शब्द लावायला लागली. “नि,” म्हणाली. बोट पुढे सरकवलं. “र...” मग वरच्या टिंबाशी अडली. बराच वेळ टिंबाकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, “गुरुजी, इथं काहीतरी पडलंय.”

पदराने पुसावं तसं तिने ते फ्रॉकच्या कडेने पुसलं. त्यात ‘सबमिट’ दाबलं गेलं.