उत्तर सांगण्याआधी प्रश्न वर्गाच्या ताब्यात द्या

कॉलेजात शिकवणाऱ्या आपल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "पोरांना इंटरेस्टच नाही." स्टाफरूममध्ये चहा घेताना, पेपर तपासताना, सुपरव्हिजनला उभं असताना ते कानावर येतंच. मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते. पोस्ट लांब होणार आहे, पण शिकवणाऱ्यांनी आणि ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्या पालकांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी तालुक्याच्या गावातल्या सिनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एफवायच्या वर्गात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येणारी मुलं-मुली असतात. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. त्याच वर्गासाठी मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते. भरधाव एसटी आणि समोरून येणारी मोटारसायकल यांची धडक झाली. धडकेच्या क्षणी जास्त बल कोणी कोणावर लावलं? पहिला पर्याय, एसटीने मोटारसायकलवर. दुसरा, मोटारसायकलने एसटीवर. तिसरा, दोघांनी एकमेकांवर सारखंच. चौथा, ज्याचा वेग जास्त त्याने.

दोन मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही. उत्तर वहीत लिहायचं. मग मी "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदमच छातीजवळ बोटं धरायची, एक ते चार. छातीजवळ अशासाठी, की शेजारच्याला दिसत नाही आणि मला समोरून सगळी दिसतात. बहुतेक ठिकाणी एकच बोट वर असतं. तिसरा नियम पाठ असलेला जवळजवळ अख्खा वर्ग सांगत असतो की एसटी जास्त बल लावते. या क्षणी मी बरोबर उत्तर सांगत नाही. चेहऱ्यावरही काही दिसू देत नाही. एवढंच म्हणते, "तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला तुमचं पटवून द्या."

यानंतर वर्गात जे होतं ते बघायला मला फार आवडतं. मधल्या रांगेतलं एक बोलणं जसं ऐकलं तसं देते.

"अगं, गाडीचा चुराडा होतो आणि एसटीला नुसता ओरखडा. मग फोर्स सारखा कसा असेल?"

"चुराडा होतो कारण ती हलकी आहे. फोर्स तेवढाच, पण मास कमी म्हणून ॲक्सिलरेशन जास्त."

"म्हणजे तिसरा नियम ॲक्सिडेंटला पण लागतो?"

या शेवटच्या प्रश्नापाशी मला थांबायचं आहे. नियम शाळेपासून पाठ होता, गणितं सोडवली होती, मार्कही मिळाले होते. पण तो रस्त्यावरच्या धडकेला लागू पडतो हे तिला त्या दिवशी, मैत्रिणीशी वाद घालताना उमगलं. मी हेच फळ्यावर आकृती काढून वीस मिनिटं समजावलं असतं तर तिने मान डोलावली असती, आकृती उतरवून घेतली असती आणि एसटीबद्दलचं तिचं मत होतं तसंच राहिलं असतं. तिच्या मनात काय आहे हे मलाही कळलं नसतं.

ही पद्धत माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. १९८४पासून ते पहिल्या वर्षाला शिकवत होते. विद्यार्थी त्यांना चांगलं रेटिंग द्यायचे, अवघड गणितं सोडवायचे. मग बल आणि गती यांच्याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात किती चुकीच्या कल्पना घर करून असतात यावरचे लेख त्यांच्या वाचनात आले. आपली मुलं तशी नसणार असं वाटून १९९०च्या सुमारास त्यांनी त्या लेखांतली साध्या भाषेतल्या प्रश्नांची चाचणी आपल्या वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मी खरा विचार करते त्याप्रमाणे? निकाल त्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ खाली आला. त्यातून त्यांनी आज 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणून ओळखली जाणारी पद्धत बसवली. एक प्रश्न, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर, आणि त्यानंतर शिक्षकाचं स्पष्टीकरण.

यातला एक बारकावा फार कामाचा आहे. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं तीस टक्क्यांहून कमी असतील तर चर्चेत अर्थ नाही, मुद्दा पुन्हा शिकवायचा. सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात असतील तेव्हाच वर्ग चर्चेला सोडायचा. म्हणून प्रश्न बेताचा अवघड हवा. "बलाचं एसआय एकक कोणतं" याच्यावर कोण काय वाद घालणार? माझ्या मते या पद्धतीतलं खरं काम प्रश्न तयार करण्याचं आहे आणि ते वर्गाबाहेर, आदल्या रात्री होतं. (एसटीचा प्रश्न आमच्याकडे पहिल्या फेरीत कधी कधी तीसच्याही खाली जातो. तेव्हा मी आधी दोन स्प्रिंगबॅलन्स एकमेकांत अडकवून ओढून दाखवते आणि मग पुन्हा विचारते.)

आता परिणामांबद्दल. अमेरिकेतल्या रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे प्रसिद्ध केले. कोर्सच्या सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं किती शिकून झालं, असा हिशेब होता. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, मुलांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. नंतर २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतले २२५ अभ्यास एकत्र तपासले. नापास होण्याचं प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के, तर मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के निघालं. आपल्याकडे एफवायला एटीकेटी लागली की किती मुली घरी बसवल्या जातात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या बारा टक्क्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

"हे सगळं परदेशातलं, आपल्या वर्गात ऐंशी-ऐंशी पोरं असतात" असं लगेच म्हटलं जातं. पवईच्या आयआयटीत साडेचारशेच्या आसपास मुलांच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात अशीच एक पद्धत वापरली गेली : आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्या वर्गासमोर. त्या तासांना निरीक्षक बसवून नोंदी ठेवल्या गेल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. आयआयटीची मुलं निवडून आलेली असतात, हे मान्य. पण वर्ग मोठा आहे म्हणून चर्चा होऊ शकत नाही, हे कारण तिथे तरी टिकलं नाही. आणि क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं रिमोटसारखं यंत्र), स्मार्टबोर्ड नाही ही सबबही टिकत नाही. क्लिकर आणि पुठ्ठ्याची कार्डं यांची तुलना झालेली आहे. शिकण्यात फरक पडला नाही. आमच्याकडे बोटं चालतात.

आणखी एक शंका मला स्वतःला महत्त्वाची वाटते. मुलं चर्चा करतात म्हणजे हुशार मुलाची बाकीचे री ओढत असतील, तर शिकणं कुठे झालं? कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात हे नेमकं तपासलं गेलं. चर्चेनंतर त्याच मुद्द्यावरचा दुसरा, नवा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा. तिथेही उत्तरं सुधारली. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं त्यांचीही सुधारली. म्हणून मी चर्चेनंतर जुळा प्रश्न देतेच. एसटीनंतर लगेच : हत्तीने उभ्या भिंतीला ढकललं आणि भिंत हलली नाही, तर जास्त बल कोणाचं?

आता मुलींबद्दल. आमच्या वर्गात अजूनही एका बाजूला मुली, एका बाजूला मुलं असतात. "उभी राहून उत्तर दे" म्हटलं की कितीतरी मुलींच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण शेजारणीला तीच मुलगी ठणकावून सांगते की तुझं चुकलंय. घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच असते आणि भर वर्गात चुकण्याची भीती तिला इतरांपेक्षा जास्त असते. बोटं छातीजवळ धरायला मात्र भीती वाटत नाही. आणि ही चर्चा मराठीतच होऊ द्यावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, ठीक आहे. पण वाद ज्या भाषेत घालता येतो त्याच भाषेत घालू द्या. "इंग्लिशमध्ये डिस्कस करा" म्हटलं की वर्ग ढिम्म होतो.

हे फक्त विज्ञानापुरतं नाही. आमच्या इतिहासाच्या सहकारी एसवायला दख्खनचे दंगे शिकवतात. नेहमीच्या पद्धतीने कारणं सहा आणि परिणाम चार, असं उतरवून देता येतं. त्या आधी प्रश्न देतात : १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जमलेल्या रयतेने दुकानदार-सावकारांवर हल्ला केला, तेव्हा आधी वह्या आणि कर्जरोखे मागून घेऊन जाळले. धान्य, पैसा समोर असताना कागद का जाळावेसे वाटले? ज्यांच्या घरी सोसायटीचं कर्ज आहे, सातबाऱ्यावर बोजा आहे, ती मुलं या प्रश्नावर जे बोलतात ते कोणत्याही गाईडमध्ये नाही. त्यानंतर १८७९चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा शिकवला, की तो का करावा लागला ते वेगळं सांगावं लागत नाही. कॉमर्सलाही असे प्रश्न आहेत. दुकानदाराच्या पत्रकात नफा दिसतोय, मग बँकेत पैसे का नाहीत?

फ्लिप्ड क्लासरूमबद्दल मात्र मी साशंक आहे. घरून व्हिडिओ बघून या आणि वर्गात चर्चा करा, हे ऐकायला छान आहे. आमची निम्मीअधिक मुलं कॉलेज सुटल्यावर शेतात, दुकानात, पेट्रोलपंपावर कामाला जातात. घरी अभ्यासाला जागा नसते. त्यामुळे वाचायचं ते तासातच वाचू द्यावं, दहा मिनिटं, शांतपणे, अशा मताची मी आहे.

"पोर्शनचं काय?" हा प्रश्न खरा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात दोन क्रेडिटचा विषय म्हणजे तीस तास. त्यात परीक्षा, इंटर्नल, कार्यक्रम. पण तासातला किती वेळ पुस्तकात छापलेलंच उतरवून देण्यात जातो ते एकदा प्रत्येकाने आपापलं मोजावं. मी व्याख्या आणि ठरावीक डेरिव्हेशन्स उतरवून देणं बंद केलं, पान क्रमांक सांगते. तासाला एक प्रश्न एवढा वेळ त्यातून सहज निघाला. समजावून सांगणं मी सोडलेलं नाही. मुलं प्रश्नाशी झटापट करून थकली की त्यांना स्पष्टीकरण हवं असतं आणि तेव्हा ती कान देऊन ऐकतात.

मुलांची तक्रारही येते : "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात." यावरही हार्वर्डमध्येच झालेला २०१९चा एक अभ्यास आहे. एकाच मजकुराचा तास, दोन पद्धती. स्वतः सोडवत बसलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत ती जास्त शिकलेली निघाली. सुरळीत व्याख्यान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं आणि झटापट केली की येत नाही असं वाटतं. हे मुलांना सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगावं. प्राचार्यांनाही सांगावं, कारण फीडबॅक फॉर्म त्यांच्याकडे जातात.

शेवटी व्यवस्थेबद्दल. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या दुसऱ्या निकषात विद्यार्थीकेंद्री, सहभागी, अनुभवातून शिकवण्याच्या पद्धती विचारल्या जातात. निकष चांगलाच आहे. पण त्याचं रूपांतर जिओटॅग फोटो आणि अहवाल यांत झालंय. माझी मागणी अशी आहे की समितीने एखाद्या चालू तासाला मागच्या बाकावर अर्धा तास बसावं. आणि विद्यापीठाने प्रत्येक पेपरात किमान एक प्रश्न असा ठेवावा जो कोणत्याही आयएमपीच्या यादीत सापडणार नाही. पेपर घोकंपट्टीचाच राहिला तर मुलं चर्चेला वेळ का देतील?

यापेक्षाही तातडीचं म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे आपले सहकारी. तासाच्या हिशेबाने पैसे, सुट्टीत काहीच नाही, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावपळ. चांगला प्रश्न तयार करायला जी संध्याकाळ लागते तिचे पैसे त्यांना कोणी देत नाही. कायम जागा भरा हे आपण म्हणतच राहू. पण तोवर तयार प्रश्न तरी त्यांच्या हाती पडावेत. इंग्रजीत असे संग्रह पुष्कळ आहेत. आपल्या मुलांच्या बोलीतले, एसटी-सातबारा-उधारी असलेले मी तरी कुठे पाहिले नाहीत.

म्हणून फिजिक्सचे, यंत्रशास्त्र आणि विद्युत या दोन घटकांचे माझे प्रश्न मी टाईप करायला घेतलेत. पर्यायांसकट, आणि कोणता चुकीचा पर्याय मुलं का निवडतात त्या टिपणासह. जूनमध्ये कॉलेज सुरू होण्याआधी याच भिंतीवर टाकेन, कोणीही घ्यावेत, बदलावेत. रसायन, गणित, अर्थशास्त्र, मराठी वाङ्मय शिकवणाऱ्यांनी आपल्या वर्गात ज्यावर हमखास वाद पेटतो असा एकेक प्रश्न इथे खाली लिहा. सोबत वर्ग कोणता आणि पहिल्या फेरीत साधारण किती जणांचं बरोबर येतं, तेही लिहा.