आंब्याची पेटी आणि 'डू'चा हमाल

नमस्कार. माझ्या लिखाणावर नाव न टाकता लिहिलंत, म्हणून नुसताच नमस्कार.

इंग्रजी प्रश्नांतले 'डू, डज, डिड' म्हणजे आंब्याच्या गाडीवरचे हमाल, असं मी लिहिलं होतं. काळाची पेटी त्यांनी उचलली की मूळ क्रियापद मोकळ्या हाताने चालतं: 'डिड यू गो?' 'डिड यू वेंट?' म्हणजे एकच पेटी दोघांच्या डोक्यावर. त्यावर तुम्ही म्हणता, उपमा पोरकट आहे, 'हू ब्रोक द ग्लास?' मध्ये हमाल कुठे गेला, आणि "आधी स्वतः व्याकरण शिका, मग देवगडच्या पोरांना शिकवा."

'हू ब्रोक'चं राहून गेलं, मान्य. तिथे 'हू' हाच कर्ता, शब्दांची उलटापालट नाही, त्यामुळे हमाल लागत नाही. 'ब्रोक' आपली पेटी आपणच नेतं. झालं? एका ओळीचं काम होतं, त्यासाठी एवढा आवाज कशाला?

आता 'स्वतः शिका'चं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं. आम्ही पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली माणसं. रत्नागिरीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी सरांना भर वर्गात विचारलं, 'व्हेअर यू वेंट, सर?' अख्खा वर्ग हसला. नियम मला पाठ होता हो! पण डोक्यात वाक्य उठलं ते 'तुमी खंय गेल्लात?' आमच्या बोलीत 'खंय' घातलं की प्रश्न झाला, बाकी कोणी जागचं हलत नाही. इंग्रजीला मात्र कर्त्याच्या आधी कोणीतरी उभा लागतो. 'कॅन', 'विल' वाक्यात असले तर तेच पुढे येतात, नसले तर 'डू'ला हाक. हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नाही, त्या हसण्याने शिकवलं. बावीस वर्षं शिकवणी घेतोय ती त्याच जोरावर. तुम्ही किती पोरांना शिकवलंत, ते काही लिहिलं नाहीत.

आणि 'डू'शिवाय प्रश्न म्हणजे अडाणीपणा असं म्हणता, तेही जरा जपून बोला. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'व्हॉट थिंक यी ऑफ क्राइस्ट?' असं सरळ छापलंय. तेव्हा मूळ क्रियापदच उठून पुढे यायचं.

बाकीच्या मुद्द्यांत दम नाही, सोडतो.

फक्त तुमची शेवटची ओळ: 'यू नो इंग्लिश?' बोलण्यात चालतं, मी वर्गातही चालवून घेतो. पण व्याकरणाची छडी घेऊन आलात म्हणून विचारतो, तुमचा हमाल खंय गेलो?