नऊवारीतून 'होल नाइन यार्ड्स' आलेलं नाहीये, मामा

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय, मामांनी टाकलाय आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. म्हणे इंग्रजीतलं 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे हातचं काही न राखता सगळंच्या सगळं, हे आपल्या नऊवारीवरून आलंय, गोऱ्या साहेबाने मराठी बायका कासोटा मारून घोड्यावर बसलेल्या बघितल्या आणि थक्क होऊन हा शब्द विलायतेला नेला. मामा, राग मानू नका, पण नाही हो.

पहिलं म्हणजे साहेबाने नेला असता तर तो आधी लंडनला नाहीतर मुंबईच्या एखाद्या इंग्रजी पेपरात दिसला असता ना. सापडला कुठे, तर अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या मिचेल नावाच्या गावच्या पेपरात, १९०७ आणि १९०८ ला. त्यात ना घोडा ना बाई. १९०८ च्या बातमीत एक गडी मासे धरून आलाय, त्याच्याकडे भलीमोठी फुशारकी तयार आहे, आम्ही काय ती ऐकत उभे राहणार नाही, पण कोणीतरी गरीब सापडेल त्याला तो अख्खे नऊ यार्ड ऐकवेल, असा मजकूर. म्हणजे लांबण लावणे! (आमच्या मामांनाच लागू पडतंय, पण जाऊदे.)

दुसरं, 'वार म्हणजे यार्डच, मग हा योगायोग कसा?' वार म्हणजे ३ फूट, नऊवारी २७ फूट, इथवर हिशोब बरोबर. पण १९१२ ला केंटकीच्या पेपरात हेच 'होल सिक्स यार्ड्स' असं छापलंय, १९२१ ला साउथ कॅरोलायनात हेडिंगलाही सहाच. मग काय, सहावारीवरून आलं म्हणायचं? आकडा आधी पक्का नव्हताच, नंतर नऊवर बसला.

तिकडेही लोक असेच फॉरवर्ड करतात बरं का, महायुद्धातल्या विमानाच्या मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा २७ फुटी होता म्हणे. दुसरं महायुद्ध १९३९ चं, शब्द १९०७ चा. संपलं.

'कापडाशी संबंध तर आहे!' असं मावशी म्हणाली. आहे की, १८५५ ची एक अमेरिकन गंमतगोष्ट आहे, जजसाहेबांच्या तीन शर्टांचं नऊ यार्ड कापड एकाच शर्टात घातलं अशी. पण तो शर्ट आहे, लुगडं नाही, आणि तिथे नऊ यार्ड म्हणजे खरंच मोजलेलं कापड.

आणि साडीतून आलेलं हवंच असेल तर 'पदर खोचून' आहे ना! आजी लग्नघरात शिरली की आधी पदर कमरेला करकचून खोचायची, मग पुरणाचं पातेलं, मग आम्ही पोरं. त्याला कुठल्या साहेबाचं सर्टिफिकेट लागत नाही.

इंग्रजीशी नातं जोडायचंच तर 'पुल आउट ऑल द स्टॉप्स' घ्या. चर्चच्या ऑर्गनचे सगळे स्टॉप ओढले की पूर्ण आवाज, म्हणून जीव तोडून काम करणे. मामा, तुमच्या भजनाच्या पेटीला पुढे ज्या खुंट्या आहेत ना, त्या म्हणजे तेच स्टॉप. त्याचा फॉरवर्ड मात्र कोणी बनवत नाही.