हीटिंग पॅनेलच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. इन्फ्रारेड पॅनेल लावूनही आईंची खोली गारच, बंद केलं की लगेच थंडी, आणि इतके दिवस शून्य येणारं लाईट बिल या महिन्यात भरावं लागलं. यापेक्षा कोळशाची शेगडी बरी होती, असं तुम्ही लिहिलंय.

आधी शेगडीचं बोलतो. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळसा पेटवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस झोपेतच जातो. आमच्यावरचा राग असू दे, पण शेगडी पडवीतच राहू दे.

आता पॅनेल. ते उन्हासारखं काम करतं. समोर जे येईल ते तापतं, मधली हवा फारशी तापत नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत पॅनेल कपाटाच्या अलीकडे आहे आणि पलंग पलीकडे. म्हणजे महिनाभर कपाट शेकलं जातंय! आमच्या फिटरने पलंगासमोरची भिंत दाखवली होती. तिथं टीव्ही आहे म्हणून घरच्यांनी नको म्हटलं.

खानापूरकडच्या कौलारू घरात मला तरी हाच प्रकार बरा वाटतो. ब्लोअर लावला की गरम हवा आढ्याला जाते आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते. पण बंद केलं की ऊब गेली, हे तुमचं म्हणणं खरंय. हवाच तापलेली नाही तर ऊब टिकणार कशी? सबंध खोली गरम हवी असेल आणि वर स्लॅब असेल, तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत एका युनिटात तीनेक युनिटांएवढी उष्णता मिळते. आम्ही एसी विकत नाही, तरी सांगतोय.

बिलाचं म्हणाल तर कॉइल असो, ऑइलचा हीटर असो की पॅनेल, एका युनिटाची उष्णता सगळ्यांत सारखीच. पॅनेलमध्ये बचत होते ती कमी वॅटचं जवळ लावून, गरजेपुरतं चालवलं तरच. तुमचं 600 वॅटचं आहे. रात्रभर चालू असतं म्हणता, म्हणजे आठ तास धरले तर रोज 4.8 युनिट, महिन्याला 144. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, महिन्याचा वापर 200 युनिटांच्या वर गेला की नुसत्या वरच्या युनिटांचं नव्हे, सगळ्याच वापराचं बिल येतं. तुमचं शून्य बिल तिथंच गेलं. झोपण्याआधी दीड तास आणि पहाटे तासभर चालवलंत तर 45 युनिटांत भागेल. अर्थात, जुन्या वापराच्या सरासरीवरून ठरलेल्या तुमच्या मोफत युनिटांच्या कोट्याच्या वर जे जाईल, त्याचे पैसे तरीही पडतील.

फिटर पाठवतो, जागा बदलून देईल, चार्ज नाही. आठवडाभर पलंगासमोर चालवून बघा. तरी आईंना ऊब लागली नाही, तर पॅनेलच्या खरेदीचं बिल घेऊन दुकानात या, पॅनेल परत घेऊ. आणि फोटोत त्यावर टॉवेल वाळत घातलेला दिसतोय, तो आजच काढा. हे मॉडेल त्यासाठी नाही, चालू असताना हात टेकवत नाही इतकं तापतं.